घर कुणाचं, जमीन कुणाची?

सकाळी ८.३०. सॅन होजेतल्या आमच्या भाडेकरू मदत केंद्रात दिवस सुरू होतो तो फोनवरचे निरोप ऐकण्यापासून. मी वकील नाही, वकिलाच्या हाताखाली काम करते. उलट फोन केला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: घर कुणाचं आणि जमीन कुणाची?

मोबाइल होम म्हटलं की चाकांवरचं घर डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात ते एकदा पार्कात, म्हणजे अशा घरांच्या वसाहतीत, बसलं की सहसा हलत नाही. हलवायला हजारो डॉलर लागतात, आणि जुनं घर आत घ्यायला दुसरा पार्क नाखूश असतो. बऱ्याच जणांचं घर स्वतःचं आणि खालची जागा भाड्याची असते. त्यांना कॅलिफोर्नियाचा मोबाइलहोम रेसिडेन्सी लॉ लागू होतो. घरही भाड्याचं असेल, तर डिपॉझिटला इतर भाडेकरूंसारखेच नियम.

९.३०. एक निवृत्त बाई पार्कची चिठ्ठी घेऊन आल्या आहेत. घर त्यांचं. नातू राहायला आला म्हणून मॅनेजर आणखी डिपॉझिट मागतोय. ते त्याला मागताच येत नाही. डिपॉझिट घ्यायचं ते राहायला येतानाच, तेही जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं. त्यांना ठाऊक नव्हतं ते वेगळंच. सलग बारा महिने भाडं आणि वीजपाण्याचे पैसे ठरल्या तारखेपासून पाच दिवसांत भरले असतील, तर मूळ डिपॉझिटही परत मागता येतं, घर न सोडता. फक्त मागायचं लेखी. मॅनेजमेंट आपण होऊन आठवण करून देईल, अशी आशा कायद्यानंही ठेवलेली दिसत नाही! पत्र तयार केलं, भाड्याच्या पावत्यांच्या प्रती जोडल्या.

१२.००. डबा.

१.००. सनीवेलहून एका मराठी विद्यार्थ्याचा फोन. त्यानं मित्रांबरोबर अख्खं मोबाइल होम भाड्यानं घेतलं होतं. घरमालकाचा मेसेज आलाय: रंग आणि कार्पेटचा खर्च झाला, डिपॉझिट विसरा.

"ताई, रंगाचे पैसे तर कापणारच ना? पुण्यात कापतात."

"इथे वापरानं होणारी झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. सोडताना फोटो काढलेस?"

काढले होते. शहाणा मुलगा. घरमालकाला २१ दिवसांत हिशेब द्यावा लागतो, आणि कपात १२५ डॉलरच्या वर गेली तर सहसा बिलंही. नाहीच दिला, तर आधी मागणीपत्र, मग स्मॉल क्लेम्स कोर्ट. माणसाला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो आणि बाजू ज्याची त्यानंच मांडायची असते, वकील उभा राहत नाही. पैसे बदनीयतीनं अडकवले असं ठरलं, तर वर डिपॉझिटच्या दुपटीपर्यंत दंडही बसू शकतो.

३.३०. दिवसातलं सगळ्यात अवघड काम. एका जोडप्यानं स्वतःचं घर विकायला काढलंय, आणि "शेवटची भाडी डिपॉझिटमधून वळती करा" असं परस्पर ठरवून भाडं थांबवलंय. दारावर तीन दिवसांची नोटीस, सोबत ६० दिवसांत जागा सोडायची. नवऱ्याचं म्हणणं, पैसे आमचेच आहेत की! आहेत, पण ते परत मिळवायची वाट लेखी अर्जाची आहे, भाडं थांबवण्याची नाही. जागा गेली तर न हलणाऱ्या घराला गिऱ्हाईक कुठून मिळणार? डिपॉझिटसाठी घर पणाला लावणारी माणसं पाहिली की मला त्यांच्याहून जास्त राग येतो तो त्यांना असला सल्ला देणाऱ्यांचा. तीन दिवसांची मुदत अजून संपलेली नव्हती. थकलेलं सगळं भाडं आजच भरायला लावलं, पावती घ्यायला सांगितली. घर विकल्यावर डिपॉझिट परत मागायचंच आहे. तो अर्ज लिहून फायलीत ठेवला.

५.००. निवृत्त बाईंचं पत्र रजिस्टर्ड टपालानं रवाना. फोनवर विद्यार्थ्याचा मेसेज: "ताई, ते २१ दिवस रविवार धरून की सोडून?"

"धरून. आणि नवा पत्ता घरमालकाला लेखी कळव, आजच."