वाडीवर जाणारी गाडी आणि तिची निगा



वाडीवरच्या कामाचा हिशेब वाचून दोघातिघांनी मला विचारले, की गाडीच्या दुरुस्तीवर एवढा खर्च कशाला होतो? प्रश्न रास्त आहे. गाडी आपल्याच दानातून घेतलेली आहे, तेव्हा तो पैसा कुठे जातो हे आपल्याला कळायलाच हवे. शिवाय आपल्या मंडळीतली काही तरुण मुले हौसेने अशाच गाड्या घेऊ लागली आहेत. त्यांनाही हे लिखाण उपयोगी पडेल.

कागलहून निढोरी, मुरगूड, मुदाळ तिट्ट्यापर्यंत कुठलीही गाडी जाते. पुढे राधानगरी आणि भुदरगड तालुक्यांतल्या डोंगरांवर धनगरवाडे आहेत. सरकारी कागदावर ही माणसे भटक्या जमातींत मोडतात, पण दवाखाना आणि शाळा त्यांच्यापासून तितक्याच लांब आहेत जितक्या एखाद्या आदिवासी पाड्यापासून असतात. तिथे डांबर संपते. जांभ्याचे दगड, ओढे आणि पावसाळाभर लाल चिखल. काही वर्षे मी साध्या गाडीवर गेलो. दर फेरीला इंजिनाचे पोट दगडाला घासायचे.

मग आपल्या मदतीतून जुनी एक्सपल्स २०० घेतली. हिरो कंपनीने ही गाडी २०१९ मध्ये आणली. त्याआधी २०११ मध्ये त्यांनीच इम्पल्स नावाची अशीच एक गाडी काढली होती. एक्सपल्सचे पुढचे चाक २१ इंची, मागचे १८ इंची आणि पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. मोठे चाक खड्ड्यात न अडकता दगडावरून चढून जाते. एकच सिलिंडर असल्यामुळे यंत्र साधे आहे. नवशिक्याला मानवणारी गाडी म्हणतात ती अशी. पण सोपी गाडी म्हणजे बिननिगेची गाडी नव्हे, आणि हे मी चुकून शिकलो.

गेल्या जुलैत एका वाडीवरून धाप लागलेल्या आजोबांना मागे बसवून खाली आणत होतो. त्यांचा नातू त्यांना धरायला पाठोपाठ चालत होता. उताराला एका मोठ्या दगडावरून चाक खाली आदळले, कडकन आवाज झाला आणि चेन तुटली. पाऊस चालू होता. नातवाने वर जाऊन माणसे आणली, घोंगड्याची झोळी करून आजोबांना रस्त्यापर्यंत नेले आणि तिथून जीप मिळाली. प्रभूच्या दयेने ते बरे झाले. पण तो दीड तास मी विसरलेलो नाही, कारण चूक माझी होती.

चेन सैल वाटली म्हणून आदल्याच आठवड्यात मी ती घरी ताणली होती. साध्या गाडीची ताणतो तशी, हाताला घट्ट लागेपर्यंत. मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "सर, ही काय स्प्लेंडर हाय व्हय?" मग त्यांनी दोन धडधाकट माणसे सीटवर बसवली आणि मला चेन बोटाने दाबायला लावली. सतारीच्या तारेसारखी ताठ! या गाडीचे मागचे शॉकअप लांब दबते. ते दबताना मागचा चिमटा वर उचलला जातो. पुढचे छोटे स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागच्या चाकाचा एक्सल एका रेषेत आले, की दोन स्प्रॉकेटमधले अंतर सगळ्यात जास्त होते. त्या क्षणी चेनला थोडी ढील उरलीच पाहिजे. नसेल तर सगळा ताण चेनवर आणि बेअरिंगवर येतो. म्हणून उभ्या गाडीची चेन जरा लोंबकळती दिसते, तेच बरोबर आहे. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत मिलिमीटरमध्ये दिलेले असते. चाक फिरवून दोनचार ठिकाणी मोजावे, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. आणि बदलायची वेळ आली, की चेनबरोबर दोन्ही स्प्रॉकेटही बदलावीत. झिजलेल्या दातांवर नवी चेन घालणे म्हणजे नव्या द्राक्षारसाला जुनी बुधली.

चेन साफ करायला पेट्रोल वापरू नये, आतले रबराचे बारीक रिंग खराब होतात. मऊ ब्रश आणि रॉकेल किंवा बाजारात मिळणारा क्लीनर पुरे. तेल फेरीहून परतल्यावर, चेन गरम असतानाच आतल्या बाजूने सोडावे. सकाळी निघताना सोडलेले तेल चाकावर आणि पँटवर उडते, चेनमध्ये फारसे मुरत नाही.

एअर फिल्टरकडे उन्हाळ्यात पाहावे. लाल धूळ पिठासारखी बारीक असते आणि फिल्टर चोंदला की गाडी चढाला दम टाकते. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. फोमचा असेल तर धुवून, पूर्ण वाळवून, फिल्टरचे तेल लावून परत बसवता येतो.

चाकांना तारांचे आरे असतात. दगडांवर आदळून ते ढिले होतात आणि मग रिम वाकडी फिरते. मी पान्याने एकेक आरा हलकेच वाजवतो. ताठ आरा टणकन वाजतो, ढिला बद्द आवाज करतो. बलामाच्या गाढवाला तोंड उघडून बोलावे लागले, गाडी बिचारी आवाजातूनच सांगते. मात्र एकच आरा फार आवळू नये, त्याने रिम एका बाजूला ओढली जाते. रिम सरळ करणे मिस्त्रींवर सोडावे.

टायरमध्ये ट्यूब आहे. चिखलात पकड मिळावी म्हणून थोडी हवा कमी करतात, ते खरे. पण फार कमी केली तर दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चेपते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरून घ्यावी, मी डिकीत हातपंप ठेवतो.

ओढ्याबद्दल तरुणांना कळकळीने सांगतो. आधी पायी उतरून खोली पाहा. पाणी वेगाने वाहत असेल तर जाऊच नका, वाडी उद्याही तिथेच असेल. गाडी पाण्यात आडवी होऊन बंद पडली तर लगेच स्टार्टर दाबू नका. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये गेलेले पाणी पिस्टनला अडवते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ढकलून आणा, प्लग काढा, फिल्टरची पेटी उघडून पाहा आणि पाणी निघून जाऊ द्या. इंजिन ऑइल दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नका. ओढ्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोनतीनदा हलकेच दाबून वाळवावेत.

एक छोटी युक्ती. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा क्लॅम्प अगदी करकचून आवळू नये. हात दाबला तर हलणार नाही, पण गाडी पडली तर लिव्हर फिरेल, इतपतच ठेवावा. त्याने लिव्हर तुटत नाही. तरी मी एक जादा लिव्हर, एक ट्यूब, पाने, चेनचा जोड आणि तार बरोबर ठेवतो. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरचा चिखल मात्र वाळायच्या आत पुसतो. वाळलेली माती ऑइल सील कापते, तेल गळू लागते, आणि डिस्कवर ते उतरले तर ब्रेकच लागत नाही.

येत्या पावसाळ्यापूर्वी चेन, दोन्ही स्प्रॉकेट आणि मागचा टायर बदलायचा आहे. त्या महिन्याच्या हिशेबात मोठा आकडा दिसेल तो त्याचाच.