उष्णतामापक खोटें कां सांगतो?

शहरांत पिशवींतून घरोघरीं येणारें दूध बहुधा ७२ अंश सेंटिग्रेडवर निदान १५ सेकंद तापवून मग झटकन थंड केलेलें असतें. या क्रियेस पाश्चरीकरण म्हणतात. दूध किती तापलें हें दुग्धालयांत कोणी हात लावून पाहत नाहीं. नळींतील मापक तें सांगतो, नियंत्रक त्याचा शब्द प्रमाण मानतो आणि वाफेची झडप उघडतो वा मिटतो. कमी तापलेलें दूध मागें फिरविणारी झडपही अशाच मापकाच्या शब्दावर चालते. मापक कमी दाखवूं लागला, तर दूध फाजील तापेल, त्यास करपट वास येईल, वाफ वायां जाईल, नुकसान पैशाचें. पण तो अधिक दाखवूं लागला, तर फलकावर ७२ चा आंकडा असतां दूध प्रत्यक्षांत ६७ वरच असेल, आणि जे जंतु मरावयाचे ते जिवंत राहून मुलांच्या पेल्यांत जातील.

असल्या ठिकाणीं मापक म्हणून बहुधा प्लॅटिनम वापरतात. धातु तापला कीं त्याचा विद्युत्-रोध वाढतो. प्रचारांतील मापकाचा रोध ० अंशावर १०० ओहम व १०० अंशांवर १३८.५ ओहम असतो. म्हणजे एका अंशामागें ओहमचे चार दशांशही पुरते वाढत नाहींत. विल्यम सीमेन्स यांनीं १८७१ सालीं असा मापक पुढें मांडला; परंतु त्याचे आंकडे कालांतरानें सरकतात असें आढळून तो मागें पडला. दोष प्लॅटिनमचा नसून तार नीट न राखण्याचा आहे, हें ह्यू कॅलेंडर यांनीं १८८७ त दाखविलें. आजही मापकावर आळ घेण्यापूर्वीं हा दाखला आठवावा. दोष पुष्कळदां त्याच्या आसपासच सांपडतो.

पहिला संशय तारांचा. मापकापासून फलकापर्यंत गेलेल्या तांब्याच्या तारांनाही रोध असतोच. दोनच तारा असून प्रत्येकीचा रोध १ ओहम असेल, तर फलक सुमारें ५ अंश अधिक दाखवील. म्हणून तिसरी तार जोडून तारांचा रोध वजा करण्याची युक्ति योजतात. मात्र तिन्ही तारा सारख्या असतील तरच ती साधते. एका सांध्यावर गंज चढला, कीं तो ज्या तारेवर असेल त्याप्रमाणें आंकडा वर किंवा खालीं सरकतो. मापकाच्या डोक्यांत ओल शिरल्यास प्रवाहाला आडवाट मिळते, रोध कमी भासतो व आंकडा उतरतो. मापक नळींत पुरेसा खोल नसेल, तर उष्णता त्याच्या दांड्यावाटे बाहेर निघून जाते, आणि तरीही आंकडा उतरतो. त्याच्या कोषावर दुधाचा थर बसला, तर बातमी उशिरां पोंचते. तोंवर झडप भलतीकडेच वळलेली असते.

दुसरा संशय मोजपट्टीचा. मापकाजवळील प्रेषक ० ते १५० अंशांसाठीं बसविला आणि फलक मात्र ० ते १०० असें समजून बसला, तर ७२ अंशांचें दूध फलकावर ४८ दिसेल.

या दोन दोषांतील भेद बर्फानें कळतो. पाण्यावर चार खडे तरंगत ठेवले म्हणजे शून्य अंश झाला, असें नव्हे. बर्फ बारीक कुटून भांडें गच्च भरावें, फटींपुरतेंच स्वच्छ पाणी घालावें, आणि मापक त्यांत खोल रोवून आंकडा स्थिर होईपर्यंत थांबावें. दोष तारांचा असल्यास येथेंही तेच सुमारें ५ अंश अधिक दिसतील. मोजपट्टीचा असल्यास शून्य अगदीं बिनचूक येईल आणि चूक उष्णतेबरोबर वाढत जाईल. उकळत्या पाण्याची परीक्षा घेतांना स्थळाची उंची विसरूं नये. पुण्यास पाणी सुमारें ९८ अंशांवर उकळतें, महाबळेश्वरीं ९५-९६ वरच. ही गोष्ट न जाणतां कित्येक चांगले मापक नालायक ठरविले जातात.

दोष कोणीकडचा हें ठरविण्यास रोधपेटीही उत्तम. मापक सोडवून त्याच्याच जागीं, त्याच तारांना, १२७.८ ओहमचा रोध जोडावा. फलकावर ७२ उमटले, तर तारा व फलक निर्दोष, मग मापक तपासावा. न उमटले, तर तीच पेटी थेट फलकाशीं जोडून पाहावी. तेथें आंकडा बरोबर आला, तर दोष तारांचा.

आंकडा चुकतो म्हणून फलकांत तेवढे अंश वजा करून मोकळें होण्याची रीत फार आहे. ती घातक होय. गंजका सांधा उद्यां अधिक गंजेल, किंवा कोणी तो घासून साफ करील. दोन्ही वेळीं ती वजाबाकी खोटी पडेल. चांगल्या दुग्धालयांत तापलेलें दूध जेथून बाहेर पडतें तेथें नियंत्रकाशीं संबंध नसलेला दुसरा मापक ठेवतात. दोहोंत तफावत दिसतांच तें दूध पुढें सोडूं नये, आणि आधीं तारांचे सांधे उघडून पाहावे.