नकाशातली ‘पट’ आणि एक नेमका अंदाज

शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड जवळपास आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट मोठी आहे. मर्केटरच्या या नकाशात कोन अचूक राहतात, आकारमान मात्र जागोजागी वेगळ्या पटीने ताणले जाते. कुठे किती पट, हे माहीत असले की सपाट कागदावरून खऱ्या गोलाचा हिशेब परत लावता येतो.

स्ट्रिंग थिअरीत हीच युक्ती कामाला आली. या सिद्धांतात मूलकण म्हणजे ठिपके नव्हेत, तर कंप पावणारे सूक्ष्म तंतू. ठिपका सरकला की मागे रेघ उमटते, तंतू सरकला की पट्टा. क्वांटम नियमांप्रमाणे असे जेवढे पट्टे शक्य आहेत, अगदी चुरगळलेलेसुद्धा, त्या सगळ्यांची बेरीज करावी लागते. ही बेरीज शेवटी त्या ‘पटी’च्या चढउतारांवर येऊन ठेपते, हे १९८१ मध्ये अलेक्झांडर पोल्याकोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञाने दाखवले. तिचे समीकरण एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच गणिती जोसेफ लिउव्हिल यांचे, म्हणून हा लिउव्हिल सिद्धांत. सर्वांत साध्या तंतूला २६ मिती दिल्या तर ‘पट’ हिशेबातून गळून पडते. मिती कमी असतील तर तिच्यापासून सुटका नाही, आणि तिथे पोल्याकोव्हसुद्धा अडले.

वाट निघाली १९९०च्या दशकाच्या मध्यास. डॉर्न व ओटो यांनी, आणि स्वतंत्रपणे झामोलोडचिकोव्ह या जुळ्या भावांनी, एकच सूत्र मांडले. गंमत म्हणजे ते सिद्ध केलेले नव्हतेच. काही ठरावीक किमतींना उत्तर काढता येत होते. मधली सगळी उत्तरे त्यावरून जुळवलेली. पण प्रत्येक पडताळणीत सूत्र बरोबर ठरे. वैद्यकाला हे नवे नाही. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे. ते शरीरात नेमके काय करते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये सांगितले. तोवर ताप उतरतच होता.

२०१४ मध्ये डेव्हिड, कुपियाइनेन, रोड्स आणि वर्गास या चौघांनी संभाव्यताशास्त्राच्या पायावर हा सिद्धांत नव्याने उभारला. त्यासाठी लागणारे हत्यार झाँ-पिएर कहान यांनी १९८५ मध्येच घडवून ठेवले होते. २०१७ मध्ये त्यांच्यापैकी तिघांनी सूत्राची सिद्धता दिली. याचा अर्थ तंतू सापडले असा नव्हे. त्यांना प्रयोगाचा पुरावा आजही नाही. सिद्ध झाले ते पृष्ठभागांचे गणित.

जुळ्या भावांपैकी अलेक्सेई २००७ मध्येच वारले. आपला अंदाज बरोबर होता, हे कागदावर ठरलेले त्यांना पाहता आले नाही.