रजेवरचा जवान आणि उसाची मोळी

आपल्या बेळगाव-निपाणी भागात पलटणीत मुलगा नाही असे गाव विरळाच. बेळगावात तर मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्रच आहे. असा एखादा जवान हर्नियाची, म्हणजे अंतर्गळाची, शस्त्रक्रिया करून घेऊन रजेवर येतो. जखम लहान, चेहरा टवटवीत. मग घरचेच म्हणतात, "जरा मोळी उचल की रे!" इथेच चूक होते.

वरची कातडी लवकर जुळते. आतली दुरुस्ती मजबूत व्हायला आठवडे लागतात. म्हणून चालणे लवकर, ओझे उशिरा. पहिल्या दिवसापासून थोडे चालावे; आधी अंगणात, मग बांधापर्यंत. नुसते पडून राहिल्यास पायात रक्त गोठण्याची भीती असते. जड ओझे व दंड-बैठका मात्र साधारण चार ते सहा आठवडे नकोत. धावणे केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांना विचारावे. खोकल्याने व शौचाला कुंथण्यानेही आत ताण येतो. तेव्हा विडी बंद, पाणी व पालेभाजी भरपूर.

जखमेतून पू आला, ताप चढला, लघवी तुंबली किंवा पुन्हा फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लष्करातही अशा जवानाला काही काळ पीटीतून सूट मिळते व फेरतपासणीनंतरच पूर्ण काम दिले जाते. मागे पडू या भीतीने दुखणे लपवू नये. बैलाचा खांदा सुजला तर आपण त्यावर जू ठेवत नाही. मग मुलाच्या डोक्यावर मोळी कशाला?