पत्र्याच्या पेटीतले कागद

आमच्या वाशिम जिल्ह्यात म्हाताऱ्या माणसाला सरकारकडून दरमहा जे पैसे मिळतात, त्याला गावात कोणी योजना म्हणत नाही. 'निराधारचा पगार' म्हणतात. मला हा शब्द आवडतो. ज्या बाईने पन्नास वर्षे दुसऱ्याच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला, सोयाबीन सोंगले, तिला कोणत्याच मालकाने म्हातारपणी पेन्शन दिली नाही. ती आता सरकारने द्यायची आहे. यात मेहरबानी कसली? घटनेच्या ४१व्या कलमात बेकारी आणि आजारपण यांच्या जोडीला वार्धक्याचाही उल्लेख आहे, आणि अशा वेळी सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने आपल्या आर्थिक ऐपतीप्रमाणे करावी, असे तेथे म्हटले आहे. ऐपतीचा उल्लेख करून पळवाट ठेवली आहे हे खरे. पण शब्द हक्क असाच आहे, दान असा नाही.

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०१८ साली केंद्र सरकारने मागे पडलेल्या जिल्ह्यांची यादी केली व तिला 'आकांक्षित जिल्हे' असे गोड नाव दिले. तिच्यात महाराष्ट्रातले चारच जिल्हे होते, त्यांत आमचा एक. येथली कर्ती पोरे सुगी आटोपली की पुण्या-मुंबईकडे कामाला जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि नातवंडे. अशा घरात तहसील कचेरीतून मंजूर होणारा हा पगार म्हणजे तेल-मिठाची आणि गोळ्या-औषधांची सोय असते.

थोडा मागचा हिशेब पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. केंद्राची वृद्धापकाळाची पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ पासून आली, तेव्हा केंद्राचा वाटा महिना ७५ रुपये होता. २००६ साली तो २०० रुपये झाला. पुढे ८० वर्षांवरील माणसांसाठी ५०० झाला, पण त्याखालच्यांसाठी २००च राहिला. तेलाचा पिंपा तेव्हा केवढ्याला येत होता आणि आज केवढ्याला येतो, ते घरच्या बायकांना विचारा. राज्याची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. तिचे ६०० रुपये २०१९ साली १,००० झाले आणि २०२३ साली १,५०० झाले. ज्यांचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे त्यांच्या १,५०० मध्येच केंद्राचे २०० किंवा ५०० धरलेले असतात, वेगळे मिळत नाहीत. हे न कळल्यामुळे कितीतरी म्हातारी माणसे 'मोदीचे वेगळे पैसे कुठे गेले' म्हणून बँकेत भांडताना मी पाहिली आहेत.

आता मुख्य अडचण. यादीत नाव नसलेल्यांसाठी अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत पाहिजे. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून जरा भागाकार करतो. वर्षाचे २१,००० म्हणजे महिन्याचे १,७५० आणि दिवसाचे साडेसत्तावन रुपये, तेही पूर्ण कुटुंबाचे. पाच माणसे घरात असतील तर माणशी साडेअकरा रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात ६८ दिवस काम केले की २१,२१६ रुपये होतात, म्हणजे घर मर्यादेबाहेर गेले! आणखी एक गंमत पाहा. पेन्शनच वर्षाची १८,००० रुपये होते. म्हणजे जिला कोणाचाच आधार नाही तिच्यासाठी ठरवलेली उत्पन्नाची मर्यादा आणि तिला मिळणारी मदत यांत फरक फक्त ३,००० रुपयांचा.

याचा परिणाम काय होतो? जो मोलमजुरीचा खरा आकडा सांगतो, तो बाहेर फेकला जातो. जो २०,००० लिहून आणतो, तो आत येतो. तलाठ्याला (त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात तो तलाठीच) हे माहीत असते, तहसीलदारालाही माहीत असते. सारे मिळून एक लहानसे खोटे लिहितात आणि गरिबाच्या मानेवर ते खोटे कायम लटकत राहते. उद्या कोणाशी वाकडे आले की तो माणूस लगेच तक्रार करतो: 'यांचा मुलगा कमावता आहे.' मग पगार बंद. एजंट लोकांचा धंदा याच फटीतून चालतो. अर्जाला फी नाही, तरी पहिल्या दोन-तीन महिन्यांचे पैसे अगोदरच ठरलेले असतात. ही मर्यादा वाढवून घेणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे पहिले काम असायला हवे. पुतळ्याच्या वर्गणीइतकाच जोर यालाही लावावा, असे मी मुद्दाम लिहितो.

दुसरी अडचण वयाची. आमच्या आजी-आजोबांच्या पिढीची जन्मतारीख बहुतेक १ जानेवारी असते, कारण आधार कार्ड काढताना ऑपरेटरने अंदाजे साल टाकले आणि बाकीचे यंत्राने भरले. चेहऱ्यावरून सत्तरीची बाई कार्डावर साठीची निघते. आधार हा वयाचा योग्य पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितले आहे. शाळेचा दाखला असला तर उत्तमच. पण ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिने काय करावे? आपल्या वऱ्हाडात जुन्या कोतवाल बुकाची नक्कल निघते. त्यात पुष्कळदा मुलाचे नाव नसते, फक्त 'अमक्याला मुलगी झाली' एवढेच असते. तरी तारीख असते, बापाचे नाव असते. जातीच्या दाखल्यासाठी हीच नक्कल आपण शोधतो, तीच आजीच्या वयासाठीही दाखवता येते. तीही नसेल तर सरकारी दवाखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पैसे घालवू नयेत. शिवाय पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहत असल्याचा रहिवासी दाखला लागतो.

डिसेंबर २०२४ पासून हे पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागले. हे चांगलेच झाले, मधला हात गेला. पण ज्यांचे खाते एका बँकेत आणि आधारची जोडणी दुसरीत, त्यांचे पैसे भलत्याच ठिकाणी पडून राहिले. खुरप्याने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटत नाही, तीही एक रड आहे. पैसे थांबले की पहिल्यांदा तहसीलमध्ये न जाता बँकेत जाऊन 'आधार कोणत्या खात्याला जोडले आहे' हे विचारावे. निम्मी प्रकरणे तेथेच सुटतात, असा माझा अनुभव आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

आपल्या घराघरांत सैन्याची परंपरा आहे. सुभेदार रामजी सकपाळांच्या घराला लष्करी पेन्शनचा आधार होता, हे आपण जयंतीला सांगतो. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात १११वी महार पलटण उभी केली आणि गरज संपताच मोडून टाकली. बाबासाहेब १९४१ साली संरक्षणविषयक सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली तुकडी उभी राहिली. आज तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. गावोगावचे आपले तरुण तेथे भरती झाले. काही पूर्ण नोकरी करून पेन्शन घेऊन आले. पण पेन्शनला जवानाची पंधरा वर्षे नोकरी भरावी लागते. जे त्याअगोदर घरी आले, त्यांच्या हाती पेन्शन आली नाही. ते पुन्हा वावरात मजुरीला लागले. त्यांनी सैन्यात नोकरी केली होती हेच पुढच्या पिढीला विसरायला झाले.

अशा बिनपेन्शनीच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला केंद्रीय सैनिक बोर्डाकडून 'पेन्युरी ग्रँट' मिळते. हवालदार पदापर्यंतच्यांसाठी आहे, वय ६५ च्या वर पाहिजे. ही रक्कम महिना ४,००० रुपये होती, ती १ नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० झाली. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. श्रावणबाळचे वर्षाचे १८,००० आणि याचे ९६,०००. फरक ७८,००० रुपयांचा. एवढी रक्कम केवळ माहिती नाही म्हणून सोडून देणारी घरे आपल्या वस्तीत आहेत.

माझ्या परिचयाच्या एका आजीचे उदाहरण सांगतो, नाव-गाव देत नाही. यजमान साठच्या दशकात महार रेजिमेंटमध्ये होते. सात-आठ वर्षांत परत आले, मोलमजुरी केली आणि वारले. आजीला श्रावणबाळचा पगार चालू होता. एकदा घरकुलाच्या कागदांसाठी पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाला डिस्चार्ज बुक निघाले. नातवाला वाटले आजोबांचे रेल्वेचे काही असेल. अर्धी पाने वाळवीने खाल्लेली, पण आर्मी नंबर शाबूत. त्या एका नंबरावर सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र गेले आणि नक्कल आली. तेव्हा दुसरेच संकट समोर. सैन्याच्या कागदात पत्नीचे नाव माहेरचे, आधारवर सासरचे! लग्नानंतर नाव बदलायची आपल्याकडची रीत, तिचा हा ताप. दोन्ही नावांची बाई एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले, पोलीस पाटलाचा आणि ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा लागला. अर्ज गेला आहे, अजून हुकूम आलेला नाही. रक्कम दुप्पट झाल्याचे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "भाऊ, मंग वाट पाह्याचे बी दुप्पट देतात का?" मी काय बोलणार.

म्हणून ज्यांच्या घरी कोणी सैन्यात होते त्यांनी आधी पेटी उघडून पाहावी. डिस्चार्ज बुक, जुना फोटो, मेडल, मनिऑर्डरची पावती, ज्यावर नंबर असेल असे काहीही. मेडलच्या कडेला नंबर आणि नाव कोरलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेडल मोडीत घालू नये. १९९८ पूर्वी ज्यांनी नाव नोंदवले त्यांची नोंद अकोल्याला झालेली असणार, म्हणून वाशिमला 'तुमचे नाव नाही' असे उत्तर मिळाले तर तेवढ्यावर परत फिरू नये. आणि ८,००० सुरू झाले की उत्पन्न २१,००० च्या वर जाते, तेव्हा श्रावणबाळचे पैसे बंद करायला आपणच तहसीलला कळवावे. नाहीतर पुढे वसुलीचा कागद येतो.

ज्या जवानांची पेन्शन चालू आहे त्यांच्या मुलांनी वेगळी काळजी घ्यावी. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. बायकोचे नाव पेन्शनच्या कागदात बरोबर आहे की नाही हे नवरा हयात असतानाच पाहावे. तो गेल्यावर हेच काम दहापट अवघड होते.

आता एक कडू विषय. २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुला-मुलींकडून, नातवंडांकडूनही निर्वाह मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. महिना १०,००० रुपयांपर्यंत हुकूम होऊ शकतो. वकील लागत नाही, साध्या कागदावर अर्ज चालतो. म्हातारे माणूस चालू-फिरू शकत नसेल तर त्याच्या वतीने दुसरा माणूस किंवा संस्था अर्ज करू शकते. आपल्या घरांत हे कोणाला आवडत नाही. 'पोराला कोर्टात खेचले' असे म्हणतात. मात्र आईचा अंगठा घेऊन घर नावावर करणारा आणि नंतर तिला ओट्यावर झोपवणारा पोरगा कोणाला का बोचत नाही, हे मला कळत नाही. घर किंवा जमीन बक्षीसपत्राने द्यायचीच असेल तर 'मरेपर्यंत सांभाळीन' ही अट लिहून घ्यावी. अट असेल आणि ती मोडली तर याच कायद्याच्या २३व्या कलमाने व्यवहार रद्द होतो. मध्य प्रदेशातल्या एका आईचे असेच बक्षीसपत्र सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये रद्द ठरवले. तिच्या मुलाने सांभाळण्याचे वचन लिहून दिलेले होते. घरात मारहाण, उपासमार होत असेल तर १४५६७ या नंबरावर फोन करावा, तो फुकट आहे.

बाकीच्या सवलती माहीत असतीलच. एस.टी.त ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीट नाही, ६५ ते ७५ ला अर्धे, बायकांना सरसकट अर्धे. सोबत येणाऱ्या नातवाला मात्र पूर्ण भरावे लागते आणि त्याच्याशिवाय आजीला कचेरीत फॉर्म कोण भरून देणार? ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न पाहता पाच लाखांपर्यंत उपचाराचे वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून मिळते, ते काढून ठेवावे.

शेवटची गोष्ट ग्रामपंचायतीची. माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२० साली बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजनेत घेतला. त्यापूर्वी ती शौर्यपदकवाल्यांपुरती आणि युद्धविधवांपुरती होती. त्यासाठी सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामपंचायतीला द्यावा लागतो. घरपट्टी आपोआप माफ होत नाही. ज्यांच्या घरी हा हक्क लागू आहे त्यांनी गेल्या वर्षाची घरपट्टीची पावती काढून पाहावी. त्यावर रक्कम लिहिलेली असेल तर अर्ज करायचा राहिला आहे. अर्ज दोन प्रतींत करावा व एका प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घ्यावा. ही पोच त्याच पत्र्याच्या पेटीत डिस्चार्ज बुकाशेजारी ठेवावी.