आवाराची शोभा कशात?

कॉलेजचं आवार सुंदर कशानं होतं? रंगीत फरशीनं, की कुंड्यांनी? आम्हांला उत्तर मिळालं भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात. हे केंद्र १९५५ सालचं, आज कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथली ‘लाखी बाग’ म्हणजे ७.५ मीटरवर माड, मध्ये जायफळ, दालचिनी आणि माडाच्या खोडावर मिरीचा वेल. वरचं ऊन माडाला, गाळून आलेलं मसाल्याला. झावळ्या, पातेरा जाळू नये. आळ्यात पसरावा, म्हणजे ओल टिकते. सावली, ओल आणि चार पैसे, हीच खरी शोभा. आपल्या मुलींच्या कॉलेजात झाडं लावायची ठरतील, तेव्हा गटानं जाऊन एवढं जरूर सांगूया. आणि सुरुवात आपल्याच परसातून करूया.