‘नोवाक’ : एका स्लाव्ह आडनावाचा उगम व प्रसार

पोलंड, चेकिया आणि स्लोव्हेनिया या तिन्ही देशांत सर्वांत अधिक आढळणारे आडनाव एकच आहे. ते म्हणजे ‘नोवाक’ होय. हे आडनाव लावणाऱ्यांची संख्या पोलंडमध्ये सुमारे २ लाख, चेकियात स्त्री-पुरुष मिळून सुमारे ७० हजार, तर एकवीस लाख वस्तीच्या स्लोव्हेनियात सुमारे ११ हजार आहे. एवढा प्रसार पाहून ही सर्व कुटुंबे एकाच पुरातन कुळाच्या शाखा असाव्यात, असा तर्क सहज सुचतो. परंतु नावाचा इतिहास तपासला असता हा तर्क टिकत नाही.

‘नवा’ या अर्थाच्या ‘नोव्’ या स्लाव्ह शब्दास ‘-आक’ हा प्रत्यय लागून ‘नोवाक’ शब्द सिद्ध होतो. संस्कृत ‘नव’ व मराठी ‘नवा’ हे शब्दही याच भारत-युरोपीय मूळातून आलेले आहेत. ‘नोवाक’ म्हणजे गावात नव्याने आलेला मनुष्य. हे नाव त्यास शेजारी देत असत. अमुक मनुष्य कोठून आला याचा उल्लेख त्यात नाही; तो येथील नव्हे, एवढेच त्यातून कळते. नवागत तर गावोगाव येत असत. त्यामुळे हे नाव परस्परांशी संबंध नसलेल्या असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाले.

ते वंशपरंपरागत मात्र पुष्कळ उशिरा झाले. चेक खेड्यांत मनुष्य ज्या घरी व शेतावर नांदावयास येई, त्या घराचेच नाव त्यास पडे. विधवेशी विवाह करून तिच्या घरी राहिलेला पुरुष पूर्वीच्या धन्याच्या नावाने ओळखला जाई. सम्राट दुसरा योसेफ याच्या राजवटीत (१७८०–१७९०) आडनावे कायद्याने स्थिर झाली. त्यापूर्वीच्या नोंदींत ‘नोवाक’ आढळला, तरी त्याचा पिता ‘नोवाक’च होता असे गृहीत धरता येत नाही.

प्रदेशपरत्वे नावाचे स्वरूपही पालटते. जर्मनीच्या पूर्व भागातील लुसाशिया प्रांतात सोर्ब लोकांचे ‘नोवाक’ जर्मन लेखनात ‘नोआक’ झाले. सर्बियात ‘नोवाक’ हे मुख्यतः पुरुषाचे व्यक्तिनाम आहे. त्यावरून ‘नोवाकाचा पुत्र’ या अर्थी ‘नोवाकोविच’ हे आडनाव बनले.

गणना करतानाही सावधगिरी आवश्यक आहे. चेक भाषेत पुरुष ‘नोवाक’, तर स्त्री ‘नोवाकोवा’ होते. याद्यांत ही दोन रूपे निरनिराळी मोजली जातात, आणि केवळ पुरुषरूप पाहणाऱ्यास निम्मीच संख्या दिसते. २०२२ पासून चेक स्त्रियांस कायद्याने पुरुषरूपही निवडता येते. म्हणून रूपावरून स्त्री-पुरुष ठरविणेही यापुढे निःशंक राहणार नाही. पोलंडमध्ये पत्नीस ‘नोवाकोवा’ व अविवाहित कन्येस ‘नोवाकुवना’ म्हणण्याची जुनी रीत होती. आज अधिकृत व्यवहारात सर्वांचे आडनाव ‘नोवाक’ असेच लिहिले जाते.

तात्पर्य, दोन ‘नोवाक’ कुटुंबांत रक्ताचे नाते आहे की नाही, हे आडनावावरून ठरविता येत नाही. त्यासाठी त्या त्या गावातील चर्चच्या बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदवह्या, तसेच जमिनीची दप्तरे पाहावी लागतात. अशा नोंदींत बऱ्याच पिढ्या मागे गेल्यावर पुष्कळदा ‘नोवाक’ हे नावच नाहीसे होते, आणि त्या जागी कोणा दुसऱ्याच घराचे नाव आढळते.